मासे विकणाऱ्या बाईच्या डिस्कस

आईच्या मासोळ्या तलावात सोडल्या जाणार नाहीत.

घरात सांगून सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहितेय. अर्धे नातेवाईक माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेतच. वाचा, आणि उरलेल्यांना सांगा.

आज आईचा दहावा.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी: माझी आई चंद्रपूरच्या बाजारात तीस वर्षं मासे विकायची. माहेर कुरखेड्याकडचं, ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं घर, गावाच्या तलावावर वाढलेली. गिऱ्हाईक मोबाईलमधून मान वर काढेपर्यंत पावशीवर, म्हणजे विळीवर, मरळ साफ होऊन पिशवीत गेलेली असायची.

मग गुडघे दुखायला लागले आणि बाजार बंद झाला. ती चार महिने खिडकीशी बसून होती. माझ्याशी कामापुरतं बोलायची.

एकदा डोळे तपासायला नेलं. दवाखान्याला लागून अ‍ॅक्वेरियमचं दुकान. तिथे तिने डिस्कस पाहिली. ताटलीसारखी गोल, चपटी, लाल अंगावर निळ्या रेषा.

"हे कोनती मासोळी व्हय?"

"डिस्कस, मावशी. लय नाजूक. तुमच्याच्यानं नाई होनार."

झालं. सहा घेऊनच घरी आली.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं? पिशवी उघडून एक मुठीत धरली आणि अंगठ्याने कल्ला उचलून पाहिला. लाल आहे का, ताजी आहे का. तीस वर्षांची सवय.

ती मासोळी तिसऱ्या दिवशी मेली.

आई रडली. रोज टोपलीभर मासे कापणारी बाई एका मासोळीसाठी रडली, याचा आमच्या गल्लीत जोक झाला. कापणारीच पोसून राह्यली म्हणे.

मला म्हणाली, "जनमभर मेलेलीच मासोळी पारखली वं. जित्तीले हात नाई लावाचा, हे कोनी शिकवलंच नाई."

त्यानंतर तिने कधी हात लावला नाही. स्टूल टाकून नुसती बघत बसायची. कोण खातंय, कोण कुणाला ढुसण्या देतंय, कुणाचा रंग आज उतरलाय.

दुकानदाराचं म्हणणं होतं, डिस्कससाठी टाकी रिकामी ठेवा. वाळू नको, झाडं नको, साफ करायला सोपं जातं.

"गवत नाई त्या तलावात मासोळी नाई राह्यत. लपाले जागा पायजे तिले," आई म्हणाली, आणि बारीक वाळू, लाकडाचा ओंडका, रुंद पानांची झाडं, पट्ट्यासारखं लांब पाणगवत, सगळं लावलं. सोबतीला छोट्या टेट्रा मासोळ्यांचा थवा सोडला. मोठ्या मासोळीला आजूबाजूला बारीक मासोळी फिरताना दिसली की तिची भीती जाते, असं तिचं म्हणणं. बरोबर निघालं. दुकानदार नंतर आपली गिऱ्हाइकं टाकी पाहायला आमच्याकडे पाठवायचा.

आमचं पाणी जड, म्हणून तिने त्यांच्यासाठी आरओचं पाणी भरून ठेवायला सुरुवात केली. आणि मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर टाकीसमोर. ऑफिसातून घामाघूम होऊन येणार मी, आणि वारा खाणार मासोळ्या.

मी एकदा भडकले. "आई, मी तुझी पोरगी आहे."

"तुले दार उघडून बाहेर जाता येते. त्याईले येते काय?"



आई सकाळचा चहा घेता घेता गेली. तिसऱ्या दिवशीच मोठी आई, म्हणजे माझी काकू, म्हणाली, "मासोळ्या तलावात सोडून द्या. मुक्या जिवाले मोकळं केलं तं तिच्या जिवाले शांती भेटन." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आज मोठे बाबा, माझे काका, बादली घेऊनच आले.

मी टाकीसमोर उभी राहिले. मी म्हणाले, सोडायच्या नाहीत.

"हट्ट नको करू. तुले जमते काय हे? तुझ्याच्यानं नाई होनार."

खरं सांगते, मला जमत नाही. मी त्या टाकीचा रागच केला. आई गेल्यापासून पाचही डिस्कस काळवंडल्या आहेत, कोपऱ्यात तोंड करून उभ्या आहेत. चार दिवस त्यांनी काही खाल्लं नाही. मी व्हिडिओ बघून पाणी बदलतेय.

पण ते वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. आईचा बाजार गुडघ्यांनी बंद केला नव्हता, मी केला होता. "आता तुझ्याच्यानं होणार नाही" असं तिला पहिल्यांदा मीच म्हणाले होते. तिने मला त्याची माफी कधी दिली की नाही, माहीत नाही.

मामा, आईचा भाऊ, अजून गावच्या तलावात जाळं टाकतो. तो मध्ये पडला.

"भाऊ, तलावात बाहेरची मासोळी नाई सोडत," तो मोठ्या बाबांना म्हणाला. "आमच्या तलावात कोनीतरी बाहेरचा मांगूर सोडला, त्यानं आमची बारीक मासोळी खाऊन टाकली. तवा बाईनं, माह्या बहिनीनं, सोडनाऱ्याले भर गावात शिव्या घातल्या होत्या. आन् तुमी तिच्याच नावानं सोडता? ह्या मासोळ्या तं दोन दिसही नाई जगनार. मारून पुन्य भेटते काय?"

मोठे बाबा निघाले. बादली राहिली. तिच्यात मी आरओचं पाणी भरून ठेवलं.

उद्या पुन्हा विषय निघेल, मला माहीत आहे. या, बसा, चहा घ्या. टाकीला कुणी हात लावायचा नाही.

कदाचित मरतीलही. माझ्या हातून चुका होतील, रडेनही, गल्लीने खुशाल जोक करावेत. पण मरतील तर माझ्यादेखत, मी शिकत असताना. आईच्या शांतीसाठी त्यांचा जीव जाणार नाही.

आई, मला एवढंच येतं अजून. दुपारी पाणी बदललं. एकीने खायला टाकलेली एक अळी तोंडात घेतली आणि थुंकली. मी स्टूलवर बसून आहे.

जा आई, निवांत जा.