डिकीत वाळूची गोणी

माझा नवरा सौदीतल्या जुबैलमध्ये एका कंत्राटदार कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. कामावर त्याचं सगळे ऐकतात, कारण ऐकणं सक्तीचं असतं. घरी मी आणि नववीतली मुलगी अशा दोघीच, त्यामुळे सक्ती चालत नाही. प्रयत्न मात्र चालू असतो.

मी इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. बायकांना लायसन्स मिळायला लागल्यावर मीही काढलं आणि घरातली गाडी हळूहळू माझ्या हातात आली. नवऱ्याला न्यायला कंपनीची बस येते. तेव्हा गाडी चालवायची मी आणि गाडीची काळजी वाहायची त्याने, अशी वाटणी झाली. काळजी वाहायची म्हणजे धुणं-पुसणं नव्हे. नुसती काळजी.

डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला की जुबैलमध्ये थंडी पडते. थंडी म्हणजे चहा जरा लवकर निवतो, इतपत. पण वर्षातला बहुतेक काळ भट्टीत काढलेल्या माणसांना तेवढीही पुरते. नवऱ्याने इथले लोक घालतात तसा फरवा घेतलाय, आतून लोकर लावलेला पायघोळ अंगरखा. तो घालून तो बसची वाट बघत उभा असला की लांबून अस्वल उभं असल्यासारखं वाटतं.

त्या वर्षी त्याच्या मुख्य कचेरीतून हिवाळ्यात गाडी कशी जपावी आणि कशी चालवावी याच्या सूचना आल्या. मुख्य कचेरी ज्या देशात आहे तिथे खरोखरचा बर्फ पडतो. सूचना मात्र जगभरच्या सगळ्या शाखांना एकच. बर्फाचं तेवढं सोडून बाकीचं घ्यावं, असं कुणालाही वाटलं असतं. नवऱ्याने काहीच सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्याने आम्हा दोघींना खाली पार्किंगमध्ये उभं केलं.

बॅटरी तपासून झाली, वायपर बदलून झाले, टायरमध्ये हवा भरून आणली. इथवर माझी काही तक्रार नव्हती. मग तो डिकी भरायला लागला. ब्लँकेट, टॉर्च, दोरी, खजुराचा डबा, फावडं. हे फावडं कुंडीत माती भरायचं होतं. सुपरमार्केटात तेवढंच मिळालं. शेवटी त्याने एक जड गोणी उचलून आणली.

"हे काय?" मी विचारलं.

"वाळू. बर्फात चाकं घसरली तर खाली टाकायची. पकड मिळते."

"आणलीस कुठून?"

"कंपाउंडच्या मागून भरली."

मी तिकडे पाहिलं. आमच्या कंपाउंडची भिंत संपते तिथे वाळू सुरू होते आणि ती कुठे संपते ते मला अजून कळलेलं नाही.

मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "पप्पा, हम सौदी में रहते हैं."

"नियम जागा बघून बदलत नसतात," तो म्हणाला आणि त्याने डिकी लावून टाकली.

संक्रांत झाल्यावरच्या शुक्रवारी दम्मामला मराठी मंडळींचा तिळगुळाचा कार्यक्रम होता. आम्ही सकाळी निघालो. शहर सुटलं आणि दाट धुकं लागलं. मी वेग कमी केला, दिवे खाली केले आणि पुढच्या टँकरच्या लाल दिव्यांमागून बेताने चालले.

"गाडी बाजूला घे," नवरा म्हणाला. "दिसत नसेल तर रस्त्यापासून जमेल तितकं लांब थांबायचं, असं लिहिलंय."

"पुढे पेट्रोल पंप आहे. तिथे थांबू."

"दिसतोय का तुला?"

दिसत नव्हता. मी गाडी डांबरावरून खाली घेतली. "अजून थोडी," तो म्हणाला. मी घेतली. "अजून." शेवटच्या 'अजून'ला गाडी हळूच खाली बसली, पाण्यात म्हैस बसते तशी.

नवरा उतरला. त्याच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसली नाही. बऱ्याच दिवसांनी कुणी काम सांगितल्यासारखा तो उत्साहात होता. कुंडीच्या फावड्याने त्याने चाकांपुढची वाळू उकरली. मग गोणी सोडली आणि उकरलेल्या जागी आपली वाळू ओतली. "दे आता," तो म्हणाला. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि त्यांनी दोन्ही वाळू मिळून त्याच्या फरव्यावर उडवली. मागच्या सीटवर मुलगी खिडकीतून व्हिडिओ काढत होती.

धुकं जरा विरळ झाल्यावर एक पिकअप येऊन थांबली. मागे तंबू बांधलेला. एक म्हातारे सौदी गृहस्थ आणि त्यांचे दोन तरणे मुलगे थंडीच्या दिवसांत हौसेने वाळवंटात मुक्कामाला निघाले होते. म्हाताऱ्यांनी गाडी पाहिली, नवऱ्याला पाहिलं आणि मग अर्ध्या रिकाम्या गोणीशी येऊन थांबले.

"यात काय आहे?" त्यांनी अरबीत मला विचारलं. हॉस्पिटलात राहून मला कामापुरती अरबी येते.

"वाळू."

"कशाला?"

"बर्फासाठी."

त्यांनी आभाळाकडे पाहिलं, मग चहूकडे पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. तेवढ्यात एका मुलाने, वाळूत पकड यावी म्हणून, आमच्या टायरची हवा सोडायला सुरुवात केली. नवरा धावला. "नो, नो, थंडी में प्रेशर कम होता है, हमने अभी भरा है!" मुलगा हसून मान हलवत राहिला आणि हवा सुटत राहिली. आमची दोरी कपडे वाळत घालायची निघाली, म्हणून त्यांनी आपला पट्टा बांधला. यल्ला, म्हणजे चला, म्हणत त्यांनी पिकअपने ओढलं आणि आम्ही डांबरावर आलो.

त्यांनी थर्मासमधला वेलचीचा कहवा आम्हाला पाजला. निघताना म्हातारे मला म्हणाले, "तू नीट चालवतेस. याला मागे बसव."

"काय म्हणाले?" नवऱ्याने विचारलं.

"सावकाश जा म्हणाले."

पेट्रोल पंप अगदी समोरच होता. तिथे हवा भरली आणि दम्मामला पोचलो तोवर नुसता तिळगुळ उरला होता, कार्यक्रम संपला होता.

पंधरवड्याने माझ्याकडे खांद्याच्या व्यायामाला एक रायगडकडची बाई आली. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या कंपनीत आहे, पण मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. "आमचे हे सांगत होते," ती म्हणाली, "कोण एक बाई धुक्यात गाडी घेऊन वाळूत शिरली. शेजारी सेफ्टीवाले साहेब होते, त्यांनी डोकं चालवलं म्हणून वाचली."

"डोकं चालवलं म्हणजे काय केलं?"

"ते नाही सांगितलं साहेबांनी."

घरी मी नवऱ्याला विचारलं. "नाव घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "गोपनीयता पाळली."

मुख्य कचेरीला मात्र त्याने सगळं कळवलं होतं. सूचना वाळूसकट पाळणारी आमची एकटीच शाखा म्हणे. मुख्य कचेरी खूश झाली आणि तिने शाखेतल्या सगळ्यांना बक्षीस म्हणून लोकरीचे हातमोजे धाडले. ते कस्टममधून सुटून जूनमध्ये आले. भर दुपारी पार्किंगमधून गाडी काढताना स्टीअरिंगला हात लावता येत नाही, तेव्हा मी ते घालते. चटका बसत नाही. मोजे हिवाळ्याचे आहेत, असं नवरा प्रत्येक वेळी सांगतो.