दुकानाशेजारची येळवस

धाराशिवात आमच्या कोपऱ्यावर पंक्चर काढणारे एक काका आहेत. वर न बघताच "पुढचं का मागचं?" विचारतात, हवा भरली की "जावा" म्हणतात. मला ते तुसडेच वाटायचे.

थंडीतल्या अमावस्येला येळवस. सगळं गाव आपापल्या रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून तिच्यापुढं पूजा करून आंबील-भज्जी खातं. गेल्या येळवशीला बघतो तर काकांनी दुकानाशेजारीच कोप उभारलेली, आणि येईल त्याला जेवायला हाका मारणं चाललेलं.

"रानात न्हाय गेलात?"

"मला शेतच नाही, काका."

"मला तरी कुठं ऱ्हायलंय? तलावाखाली गेलं. बसा."

यंदा मी कडब्याच्या पेंढ्या घेऊन गेलो, तेव्हा काकांनी वर बघितलं.

"कोप जरा मोठी करू," म्हणाले.