शेंडेबाईंची जाणकारी

ज्या विषयातलं ओ की ठो कळत नसे, त्या विषयावर शेंडेबाई सगळ्यात आत्मविश्वासाने बोलत. धानोऱ्याच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी आमचे शिपाई आत्रामभाऊ आपल्या झुंजीच्या कोंबड्याचं कौतुक सांगत होते. बाई वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "मेन गोष्ट पायाची हाय, आत्रामभाऊ. आजकाल तसे पाय भेटत नाई." आत्रामभाऊंनी तिथेच बैठक मारली आणि मधली सुट्टी संपेपर्यंत ते पायांवर बोलत राहिले. बाईंनी उभ्या जन्मात कोंबड्याची झुंज पाहिली नव्हती.

अशी काही वाक्यं त्यांच्याकडे तयारच असत. "घाई केली का गेला" हे गळ टाकणाऱ्यालाही चाले आणि बुद्धिबळ खेळणाऱ्यालाही. पाखरं बघत हिंडणाऱ्या वनखात्याच्या साहेबांना त्यांनी "नरापेक्षा मादी ओळखाले कठीण" असं सांगून खूश केलं होतं. पुढे सवयीने तेच वाक्य हेडमास्तरांच्या पोस्टाच्या तिकिटांनाही लावून मोकळ्या झाल्या. मी मान खाली घातली. हेडमास्तर मात्र गंभीरपणे म्हणाले, की खरं आहे, इंग्लंडच्या राणीच्या तिकिटांत भलेभले फसतात. एरवी हूं की चूं न करणारा तो गृहस्थ त्या दिवशी अख्खा तास राणीवर बोलला.

एक दिवस पकडल्या जाल, असं मी चिडवायची. त्या हसून म्हणायच्या, "माणसाले जे आवडते ते त्याले बोलू द्याव. आपलं काय जाते?"

त्यांचं काय गेलं होतं ते मला उशिरा कळलं. यजमान गेले तेव्हापासून त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, प्रशीलने, बोलणंच टाकलं होतं. पुण्याला नोकरी लागली तरी तो तसाच राहिला. रविवारी बाई एसटीडी बूथवरून त्याला फोन लावत आणि मी सोबतीला जाई. जेवला का, तब्येत बरी आहे का, याला पलीकडून नुसते हुंकार. एकदा मात्र तो सहज बोलून गेला, की कम्प्युटरवर गेम खेळतो आहे आणि किल्ल्यातला राक्षस काही केल्या मरत नाही. बाईंनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि दिलं ठोकून, "तो राक्षस तसाच हाय, बाबू. समोरून नाई, बाजूनं जा लागते." मग पोरगा किती तरी वेळ बोलला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "बोलला वो," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर गडचिरोलीला गेल्या की त्या कम्प्युटर क्लासच्या दारात उभ्या राहून पोरांकडून लेव्हल, लाइफ असले शब्द गोळा करत. तिसरी लेव्हल आपल्यालाही जड गेली होती, असं त्या फोनवर बेधडक सांगत. मला हसू येई आणि भीतीही वाटे. त्याला खरं कळलं आणि तो पुन्हा गप्प झाला, तर बाई काय करणार होत्या?

दिवाळीच्या सुट्टीत प्रशील खास आईसाठी जुना कम्प्युटर घेऊन आला. मी चिवडा द्यायला गेले, तर बाई कम्प्युटरसमोर बसलेल्या. त्यांनी माउस दोन्ही हातांनी धरला होता. खेळ सुरू झाला आणि त्यांचा पडद्यावरचा शिपाई पहिल्याच दारात मेला. दुसऱ्यांदाही तिथेच मेला. प्रशील पडद्याकडे बघत म्हणाला, "आई, तुले यातलं काईच येत नाई."

बाईंनी माउस ठेवला. "नाई येत, बाबू. पण तू बोलून राह्यला होता न."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला होता. मग प्रशील उठला, आतून दुसरी खुर्ची आणून त्याने आईच्या खुर्चीला लावली आणि म्हणाला, "सरक थोडी. पयल्यापासून दाखवतो."

पुढच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन त्याच्याकडे पुण्याला गेल्या आणि काही वर्षांनी तिकडेच वारल्या. आता माझ्याभोवती जी माणसं आहेत त्यांना बहुतेक गोष्टी खरोखरच ठाऊक असतात. मी काही सांगायला घेतलं की दुसऱ्याच वाक्याला ती माझं बोलणं स्वतःच पुरं करतात. मग मी गप्प बसते, आणि बाईंची फार फार आठवण येते.