काकांचा चौकटीचा शर्ट

सकाळी खिडकीशी चहा पीत उभी होते, तर परसातल्या केळीत काकांचा चौकटीचा शर्ट दिसला. खांद्याला त्यांची जुनी एअरगन. कप हातात तसाच राहिला. काकांना जाऊन दोन पावसाळे झालेत.

मग शर्टाखाली साडी दिसली. काकू होती.

मी बाहेर गेले तशी ती म्हणाली, "वानर बाईमाणसाला भीत नाहीत गो. ओरडून घसा बसला तरी समोर बसून केळी खातात. हा शर्ट बघितला की पळतात."

बंदुकीत छर्रे नव्हते. काकाही कधी वानरांवर नेम धरत नसत. गोठ्याच्या पत्र्यावर मारायचे आणि त्या आवाजानेच अख्खी टोळी पांगायची.

आपण माणसाचं बारावं-तेरावं करतो, रेशनकार्डावरचं नाव कमी करतो, एक ताट कमी मांडायला शिकतो. वानरांना यातलं कुणी काही कळवलेलं नाही. त्यांच्या लेखी काका अजून रोज सकाळी परसात येतात, आणि चिडलेलेच असतात. मला त्या वानरांचा हेवा वाटला.

काकूने बंदूक उचलली. फणसाच्या फांद्या हलल्या आणि टोळी वहाळापलीकडे गेली.

"चल, चहा गार होतोय," मी म्हटलं.

"तू हो पुढे. अजून असतील एखाददोन."

फणसावर एकही वानर नव्हतं. काकूने शर्टाच्या बाह्या काका दुमडायचे तशा कोपरापर्यंत दुमडल्या आणि ती तिथेच उभी राहिली.