शनिवारची भाऊबीज

जर्मनीत आमचे सण पंचांगाला विचारून येत नाहीत, हॉल कधी मोकळा आहे ते विचारून येतात. गणपती शनिवारी, संक्रांत शनिवारी, दिवाळी तर नोव्हेंबरात मिळेल त्या शनिवारी. आमच्या हॅनोव्हरच्या मंडळाने काही वर्षांपूर्वी भाऊबीजही त्यातच बसवली. पुरुषांनी खुर्च्यांवर ओळीने बसायचं, बायकांनी ताटं घेऊन पुढे पुढे सरकायचं. बहिणी भारतात असलेल्यांची सोय झाली. माझी बहीण जर्मनीतच, कायझर्सलाउटर्नला, तरी मीही त्या ओळीत! गेल्या वर्षी ज्या बाईंनी मला ओवाळलं, त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. मागून कुणीतरी जर्मन-मराठीत ओरडत होतं, "आल्झो, चला चला, सहाला हॉल रिकामा करायचाय!"

घरी येऊन ताईला फोन केला, तर ती नुसतं "छान झालं" म्हणाली. ते "छान" मला वर्षभर टोचत राहिलं.

म्हणून यंदा ठरवलं, भाऊबीज खऱ्या दिवशी आणि ताईच्याच हातची. मंगळवार होता. अर्धा दिवस काम उरकलं, तिला न कळवता हॅनोव्हरहून दुपारची गाडी धरली.

गाडी मानहाइमच्या अलीकडे शेतात जी थांबली, ती हलेचना. समोर एक जर्मन आजीबाई शांतपणे विणत बसल्या होत्या. मी उठत होतो, दारापर्यंत जात होतो, परत येऊन बसत होतो. शेवटी त्यांनी सुया खाली ठेवून विचारलं, कुणी आजारी आहे का? म्हटलं, बहिणीकडे चाललोय, आजच पोहोचायला हवं. उद्या नाही चालणार? मी तावातावाने नाही म्हणालो. इतकी वर्षं आपल्याला शनिवार चालत होता, हे त्यांना कशाला सांगा!

मानहाइमला पुढची गाडी चुकली. अंधार पडला आणि मी फलाटावर नुसत्या येरझाऱ्या घालत राहिलो.

ताईने दार उघडलं आणि ओरडलीच, "अरे, कळवायचंस तरी! जेवलायस का?"

"जेवण राहू दे. आधी ओवाळ."

"आजचं ओवाळून झालं रे माझं."

"कुणाला?"

"चंद्राला, बाल्कनीतून. आज लवकर मावळतो ना, म्हणून ऑफिसातून लवकर निघते मी."

चंद्राला ओवाळतात त्या भाऊ नसलेल्या बायका. मी विचारलं, "दरवर्षी?"

"मग? तुझं शनिवारी असतं ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडायला आम्हाला छान जमतं. तिने पाट मांडला, निरांजनात पुन्हा तूप घातलं आणि म्हणाली, "बस."

मला बसवेना.