फिटल्यावर जेवीन

माझी ताई कंजूष नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तसंच म्हणाल. कंजूष माणसाला पैसा घरात साठवायचा असतो. ताईला तो घरातून बाहेर काढायचा होता आणि आमच्या दादाच्या घरी पोचवायचा होता. पोचवण्याचं काम माझं. मी दोघांची धाकटी, लग्न न केलेली, दोन्ही घरांच्या मधल्या रस्त्यावर राहणारी. तेव्हा मला न विचारताच दोघांनी टपालखात्यात भरती करून टाकलं.

ताई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं बाह्या, कॉलर, खिसे असे आखायचे की मध्ये बोटभर जागा वाया जाऊ नये, आणि मग मशीन फिरवायचं. तिच्या टेबलाखाली चिंध्या सगळ्यात कमी पडतात म्हणून मालक तिला मान देतो. पगार मात्र इतरांएवढाच देतो. दादा तिला लहानपणापासून कात्री म्हणायचा. तेव्हा ती कापड कापत नव्हती, नुसती बोलत होती.

कर्जाची गोष्ट चारचौघांच्या घरात होते तशीच. भावजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, स्वतःचा छापखाना काढायचा होता. एका मित्राबरोबर भागीदारीत त्यांनी मशीन घेतलं. बँकेचं कर्ज भावजींच्या नावावर आणि गिऱ्हाइकांचे पैसे मित्राच्या खिशात, अशी ती भागीदारी होती. एका सकाळी मित्र गायब झाला आणि बँकेची माणसं दारात येऊन मोठ्या आवाजात बोलायला लागली. दादा लेथवर काम करणारा. घरावर एक खोली चढवायची म्हणून त्यानं कित्येक वर्षं पैसे बाजूला टाकले होते. ते सगळे उचलून त्यानं बँकेत भरले. "खोली कुठं पळून चाललीय," एवढंच म्हणाला.

त्याच रविवारी त्यानं आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. वहिनीनं हौसेनं बरंच काही केलं होतं. ताई ओशाळून ताटात नुसती बोटं फिरवत होती. समोर कुणी गप्प बसलेलं दादाला सहन व्हायचं नाही. तो म्हणाला, "जेव गं कात्री, पोटभर जेव. पैसे माझेच आहेत."

सगळे हसले. मीही हसले. दादा याच्यापेक्षा झोंबणारे विनोद स्वतःवर करायचा. ताईनं हातातला घास ताटात ठेवला. "फिटल्यावर जेवीन," ती म्हणाली आणि उठली.

आम्हाला वाटलं, आठवडाभर चालेल. दुसऱ्याच दिवशी दादा तिच्या घरी गेला, म्हणाला, "अगं, गंमत केली गं." ती म्हणाली, "गंमत होती ते कळतंय मला. पण खरं होतं ना ते?" दादा आल्या पावली परत गेला.

पहिल्या महिन्याचं पाकीट मी नेलं तर त्यानं ते घेतलं नाही. मी ते परत आणलं तर ताईनं घेतलं नाही. अशा तीन फेऱ्या झाल्यावर मी दादाला म्हटलं, "तुमच्या भांडणात माझ्या चपला झिजतायत. काय ते एकदा ठरवा." त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "घेतले नाहीत तर फिटणार नाहीत. फिटले नाहीत तर ती जेवणार नाही. आण इकडं." पैसे घेणाऱ्याचा चेहरा इतका पडलेला मी दुसरा पाहिला नाही.

आता ताईच्या घराचं सांगते. दर रविवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडायची आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आठवडा आखायची. कारखान्यात कापड आखावं तसाच. एक कोबी आणला तर बाहेरची पानं सोमवारी, गाभा बुधवारी, दांडा किसून शुक्रवारच्या भातात. कडधान्य एकदाच मोठ्या पातेल्यात शिजायचं. पहिल्या दिवशी घट्ट, दुसऱ्या दिवशी बटाटे घालून, तिसऱ्या दिवशी पाणी वाढवून पावाबरोबर. तेलाच्या बाटलीवर तिनं दोऱ्याचे वेढे बांधले होते. आठवड्यात तेल एका दोऱ्याखाली उतरलं की उरलेले दिवस पाण्यावर भागवायचं. गॅस लवकर बंद करून पातेलं चिंध्या भरलेल्या खोक्यात झाकून ठेवायचं. आतल्या आत ते शिजत राहतं. भाजी आणायला ती बाजार उठता उठता जायची, कारण तेव्हा उरलेला माल भाजीवाल्यांना घरी न्यायचा नसतो. ते तिला शेवटची बाई म्हणायचे आणि तिच्यासाठी पिचलेले टोमॅटो बाजूला ठेवायचे.

मी तिला एकदा म्हटलं, "अगं, जीव आहे का नाही तुम्हाला?" ती म्हणाली, "उपाशी कोण आहे? मोजून खातो एवढंच." तेही खोटं नव्हतं. तिची मुलगी, माझी भाची, त्यात तयार झाली होती. आज काय आहे असं तिनं विचारलं की ताई म्हणायची, "कपाट वाच." भाची घासाघासाला शेरे मारायची. "आई, बुधवार खारट झालाय." "आई, शनिवारपेक्षा सोमवार बरा होता." भावजी दुसऱ्याच्या छापखान्यात कागद उचलायच्या कामाला लागले होते. ते खाली मान घालून जेवायचे आणि ताट पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ करायचे. त्यांना मी कधी दुसऱ्यांदा वाढून घेताना पाहिलं नाही.

ताई स्वतः सगळ्यांच्या मागून बसायची. पातेल्यात जे उरेल ते तिचं. कापडातून पूर्ण गणवेश निघाले की जे उरतं ती चिंधी, आणि घरातली चिंधी ती स्वतः झाली होती. पोटाला चिमटा घेणं म्हणतात ते मी रोज डोळ्यांनी बघत होते. तिच्या ब्लाउजांना तिनं बाजूनं दोनदा टाका मारला. मी काही बोलले की म्हणायची, "कापड ढिलं पडलंय, मी नाही."

दादाकडे ती येत नव्हती असं नाही. वहिनीला ताप आला तेव्हा आली, भांडी घासून गेली. पण त्या घरात तिनं चहा घेतला नाही की पाणी घेतलं नाही. दादा तिच्याकडे जायचा, तेव्हा तिच्या मोजलेल्या जेवणातलं मुद्दाम मागून खायचा. कपाट वाचून म्हणायचा, "अरे वा, आज गुरुवार माझ्या आवडीचा आहे." मग मला रस्त्यात विचारायचा, "किती राहिले?" त्याला रुपये नको असायचे. किती महिने राहिले ते हवं असायचं.

अशी पाच वर्षं गेली आणि सहावं संपत आलं. तीन पाकिटं राहिली होती. दादानं वहिनीला सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी काय काय करायचं. रोज त्यात भर पडायची आणि वहिनी चिडायची.

तो लेथवरच कोसळला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की गिळणंही गेलं आहे. तोंडानं पाण्याचा थेंब दिला तरी तो छातीत उतरेल. नाकातून नळी घातली. दिवसातून ठरलेल्या वेळी त्या नळीत पातळ पेज सोडायची, एवढंच त्याचं जेवण. गिळणं परत येईल का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी येणार नाही असं म्हटलं नाही, पण येईल असंही म्हटलं नाही.

ताई रोज कारखान्यातून थेट दवाखान्यात यायची, त्याचे पाय चोळत बसायची. दादाला घरी आणल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "आता पुरे कर. उद्या ये आणि त्याच्या घरी दोन घास खा. त्याच्यासाठी तरी."

"तीन राहिलेत," ती म्हणाली.

मला इतका राग आला की हात उचलावासा वाटला. "तो तीन महिने थांबेल असं कुणी सांगितलं तुला?"

"म्हणूनच म्हणतेय. आता जेवले तर त्याला कळेल ना, माझी वेळ भरली म्हणून ही जेवली. फिटलं म्हणून जेवले असं वाटलं पाहिजे त्याला." ती रडत नव्हती. कपाळाला आठ्या घालून हिशेब करत होती. "मी एका महिन्यात करते तीन."

आणि तिनं केले. दोन पाळ्या कापड कापलं. कपाटाच्या दारावरून सकाळचं जेवण पुसून टाकलं. घरात दिवसाला एकच पातेलं चढायला लागलं. भावजी बस सोडून पायी जायला लागले. भाची शेरे मारायची थांबली. मी माझ्याकडचे पैसे पुढं केले तर ताई म्हणाली, "म्हणजे तुझं कर्ज झालं. मग तुझ्या घरी कधी जेवू?" मी शेवटी तिच्याशी वाद घालणं सोडून दिलं. ती हट्टाला पेटली होती आणि तिच्या हट्टात दादाचा जीव अडकला होता, हे त्या दोघा भावंडांना ठाऊक होतं.

शेवटचं पाकीट तिनं माझ्या हातात दिलं नाही. स्वतः घेऊन आली, रविवारी दुपारी. मी बरोबर होते. दादा पुढच्या खोलीत पलंगावर टेकून बसलेला. ताईनं पाकीट त्याच्या डाव्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "फिटले रे, दादा."

त्यानं पाकीट चाचपलं, वहिनीकडे सरकवलं आणि लगेच हात तोंडाकडे नेऊन खूण केली. जेव.

"चला, आत वाढते," वहिनी म्हणाली. तो मान हलवायला लागला. बोटानं खाली, पलंगाशेजारच्या स्टुलाकडे दाखवायला लागला. वहिनी गोंधळली. नळी लागल्यापासून त्या घरात कुणी त्याच्यासमोर जेवत नव्हतं. स्वयंपाकघराचं दार लावून, फोडणीचा वाससुद्धा बाहेर येऊ न देता सगळे पटापट उरकून घ्यायचे. ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्यासमोर नको हो." त्यानं पुन्हा तेच बोट दाखवलं.

वहिनीनं ताट आणलं. त्यानं आजाराआधी सांगून ठेवलेलं सगळं तिनं केलं होतं, एकही गोष्ट गाळली नव्हती. ताट ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघून गेलं, "सहा वर्षं माझ्या हातचं टाकलंत, ताई. मी काय केलं होतं?" ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही. तू काहीच केलं नव्हतंस." मग ती जेवायला बसली.

ती पहिला घास घेत असताना दादा तिच्या हाताकडे बघत होता. घास तोंडात गेला की त्याची नजर तिच्या गळ्यावर उतरायची. ती गिळायची तेव्हा त्याचाही गळा हलायचा, आणि मग पुढच्या घासाकडे नजर. अर्ध्या ताटावर ताईचा हात मंदावला. त्यानं ओळखलं. वहिनीकडे वळून बोटांनी खूण केली, वाढ. वहिनीनं वाढलं. ताईनं नको म्हटलं नाही. पुन्हा त्यानं खूण केली, पुन्हा वहिनीनं वाढलं. ताई डोळे पुसत जेवत होती आणि तो हसत होता. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण तो हसत होता. त्या दुपारी ताईनं त्याच्यासमोर दोन माणसांचं जेवण संपवलं.

परतताना आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि ताई गटारावर वाकली. सगळं उलटून पडलं. सहा वर्षांत तिच्या पोटाला एवढ्या अन्नाची सवय राहिली नव्हती. मी तिची पाठ धरून उभी राहिले. पाणी नव्हतं, तिनं पदरानं तोंड पुसलं. "वहिनीला सांगू नकोस," ती म्हणाली. "आणि दादाला तर मुळीच नको."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "बऱ्याच दिवसांनी शांत झोपलेत. ताईंना सांग, त्या पोटभर जेवल्या ना, फार बरं वाटलंय यांना. पुढच्या रविवारीही या म्हणून हातानं सांगितलंय." मी सांगते म्हटलं, आणि सांगितलं.

सोमवारपासून ताई घरी रोज थोडं थोडं जास्त जेवायला लागली. सोमवारी दोन घास, मंगळवारी चार. भाचीनं विचारलं तर म्हणाली, "पोटाला सवय लावतेय. रविवारी त्याच्यासमोर नीट जेवता आलं पाहिजे." भावजींनी बाजारातून अंडी आणली. त्या घरात बऱ्याच काळानं कुणीतरी न विचारता काहीतरी विकत आणलं होतं.

दादा गुरुवारी दुपारी गेला. मी ताईला सांगायला धावत गेले तेव्हा ती जेवत होती, आणि दुसऱ्यांदा वाढून घेत होती.