कोटचाचांची पारख

कोट हातात आला की दौंडचे कोटचाचा आधी डोळे मिटायचे. अस्तरावर तळहात घासून ऊब आणायचे, मग नाक लावायचे. "रबर बोलतंय," म्हणायचे. नाहीतर, "मुकं हाय. परवाचं हाय, गुरुजी."

स्टेशनजवळ त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. वडील लष्कराच्या लिलावातलं जुनं सामान घ्यायचे, त्यातून चाचांना हा नाद लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या शिपायांचे रबरी कापडाचे लांब कोट, कोपरापर्यंतचे कातडी हातमोजे, चष्मे, सगळ्याची त्यांना नेमकी जाण होती. नव्वदच्या दशकात मी शिरूरच्या शाळेत शिकवत होतो आणि एक जुनी मोटारसायकल जिवापाड सांभाळत होतो. तिच्यासाठी कोट शोधत गेलो आणि दर रविवारी दौंडला जायला लागलो.

भाव सांगताना ते कधी घाई करत नसत. लष्करी शिक्क्यातला बाण, गुंड्या, कोटाचा घेर मांडीला बांधायची पट्टी, सगळं बघायचे. शेवटी उजव्या पायाकडची कड उलटायचे. तिथं सायलेन्सरचा चटका असला की त्यांचा चेहरा उजळायचा. "भाव कापडाला न्हाई. माणूस यात बसून किती फिरला, त्याला हाय." कुणी धुऊन, नवं अस्तर लावून कोट आणला की ते चिडायचे, "अंगाला घासून घासून झालेलं समदं धुऊन टाकलं की वो!"

पुण्याच्या एका व्यापाऱ्याला मीच त्यांच्याकडे नेलं. माझ्या गाडीला मूळची पेट्रोलची टाकी मिळवून देतो, असं त्यानं कबूल केलं होतं. चाचांनी त्याला चहा पाजला आणि तीन तास बसवून सगळ्या खुणा दाखवल्या. शिक्क्याची शाई कशी फुटते, रबर घडीवर कसं तडकतं, चटका कुठं पडतो. तो वहीत लिहून घेत होता. तो गेल्यावर मी म्हणालो, "चाचा, सगळंच सांगून टाकलंत?"

"इल्म झाकून ठिवला तर कुजतो, गुरुजी."

वर्षभरात पुण्यात असे कोट भराभर मिळायला लागले. एका रविवारी एक डॉक्टर त्यातला कोट घेऊन दुकानात आले. चाचांनी डोळे मिटले, हुंगलं, कड उलटली. "ह्यो इस्त्रीचा चटका हाय, डाक्टरसाहेब. कोट नवा हाय."

डॉक्टरांनी कोट शिलाई मशीनवर फेकला. "विकणारा म्हणतो, खऱ्या खुणा फक्त दौंडच्या म्हाताऱ्याला ठाऊक. तुम्हीच शिवून देता आणि तुम्हीच खोटा म्हणता?"

चाचा अजिबात चिडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "गुरुजींना विचारा. त्या मानसाला म्या खुणा दाखवल्या, तवा ते हितंच व्हते. शिरूरला मास्तर हायत, खोटं बोलायचे न्हाईत."

टाकी आदल्याच आठवड्यात माझ्या घरी आली होती. व्यापाऱ्यानं एक पैसा घेतला नव्हता. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

चाचांनी तो खोटा कोट उचलला, झटकला, नीट घडी घालून डॉक्टरांच्या हातात दिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्यानंतर कोट घेऊन त्यांच्याकडे कुणी फिरकेना. पुण्यात बोललं गेलं की म्हाताऱ्यानंच लोकांना फसवलं. दोन महिन्यांनी मी हिय्या करून गेलो. ते राहू गावच्या एका बागायतदाराची ताडपत्री शिवत होते. "बोला, किती बाय कितीची पायजे?" त्यांनी विचारलं, अनोळखी गिऱ्हाइकाला विचारावं तसं. मी एक ताडपत्री सांगितली, पैसे दिले आणि निघालो. मग चाचा वारेपर्यंत मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

ते गेल्यावर त्यांची मुलगी रशिदा शिरूरला माझ्या घरी आली. चाचांच्या पेटीत एक अस्सल कोट निघाला होता. गिऱ्हाईक मुंबईचं होतं, पण त्याला जाणकाराचा कागद हवा होता. "अब्बांच्या नावावर कुनी भरवसा ठेवत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला समदं येतंय म्हनं. लिहून द्या."

मी डोळे मिटून अस्तरावर हात फिरवला. रबर बोलत होतं. मी एकेक खूण लिहिली, आणि शेवटी लिहिलं की ही पारख मला दौंडच्या चाचांनी शिकवली. तिनं तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावून माझ्या हातात दिला. मी कागद वाचून दाखवला.

"उत्तम," तो म्हणाला. "फक्त ती शेवटची ओळ काढा. त्या नावानं भाव पडतो."

रशिदा समोर बसली होती. "काय म्हनला?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि दुसरा कोरा कागद घेतला.